कलाशिक्षिकेला आर्ट थेरपिस्ट व्हायचं असेल तर

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे. ए.टी.डी. ही कलाशिक्षक पदविका झालीय, नंतर बी.ए. केलं. काही मुलं चित्रांतून बरंच काही सांगत असतात असं मला सारखं वाटतं, पण ते नेमकं काय हे कळत नाही. मला आर्ट थेरपिस्ट व्हायचं आहे. दोन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतचे ऑनलाइन कोर्स दिसतात. त्यांतला कोणता करावा? चित्राचा अर्थ लावायला कुठे शिकवतात? आणि या उपचाराने खरोखर फरक पडतो का?

उत्तर:

तुमचा मधला प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की कोर्स निवडणं सोपं जाईल. चित्राचा अर्थ लावायला शिकवू असं सांगणारा कोर्स दिसला तर तो करू नका.

काळा रंग म्हणजे नैराश्य, खिडकी नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, मोठे हात म्हणजे आक्रमकता, अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांचं मूळ जुन्या मानसशास्त्रीय चाचण्यांत आहे. जॉन बक यांनी १९४८ मध्ये घर-झाड-माणूस ही चाचणी मांडली. बर्न्स आणि कॉफमन यांची, घरातली सगळी माणसं काहीतरी करताना दाखवायला सांगणारी चाचणी १९७०ची. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ या चाचण्या वापरतात तेव्हा सोबत मुलाखत असते, घरची माहिती असते, इतर चाचण्या असतात. एवढं असूनही ‘अमुक खूण म्हणजे तमुक दुखणं’ हा हिशोब संशोधनात टिकलेला नाही.

तुमच्या वर्गाचंच बघा ना. ‘मनाला येईल ते काढा’ म्हटलं की निम्मा वर्ग दोन डोंगर काढतो, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. जतच्या दुष्काळी भागातलं मूलसुद्धा दुथडी भरलेली नदी आणि नारळ काढतं. त्यात त्याच्या मनाचा कौल शोधायला गेलात तर फसाल. ते चित्र त्याला मोठ्या भावाने दाखवलेलं असतं, आधीच्या बाईंनी फळ्यावर काढलेलं असतं. तरी मी अशा चित्राला कमी लेखत नाही. नवी जागा, अनोळखी माणूस, अशा वेळी मूल हमखास जमणारं तेच काढतं, आणि त्याला तेवढा आधार हवाच असतो. मी ते चित्र आहे तसं घेते, मागे तारीख टाकते आणि जपून ठेवते. काही आठवड्यांनी त्याच झोपडीला दार येतं, किंवा नदीत कुणीतरी दिसायला लागतं. मग मी विचारते, ‘हा कोण आला?’ उत्तर मुलाचं. ते आलं नाही तरी चालतं.

आर्ट थेरपीत, म्हणजे चित्र-मातीकामाच्या आधाराने होणाऱ्या मानसिक उपचारात, थेरपिस्ट, क्लायंट आणि कलाकृती असे तिघे असतात. बोलून होणाऱ्या समुपदेशनात दोनच असतात, त्यामुळे नजर सतत समोरच्याच्या तोंडाकडे जाते. इथे दोघं मिळून तिसऱ्या गोष्टीकडे बघतात. जे थेट सांगायला जीभ रेटत नाही, ते कागदावरच्या माणसाबद्दल किंवा मातीच्या प्राण्याबद्दल सांगता येतं आणि हवं तेव्हा ‘हे काय, नुसतं चित्र आहे’ म्हणून मागेही घेता येतं. ही मागे घेण्याची मुभा फार मोलाची आहे. अर्थ सांगून टाकणारा थेरपिस्ट नेमकी तीच काढून घेतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. काहीही बनवायचा आणि जरा बिघडलं की मुठीत चिरडून टाकायचा. घरातही वस्तूंचं तेच चाललं होतं. बेंदराच्या सुमारास तो शाडूचा बैल करत होता. धड चांगलं झालं, शिंगंही झाली, पण उभा करायला गेला तर मागचा पाय निखळला. मूठ आवळलेली मला दिसली. मी बैलाला हात लावला नाही. वाटीत थोडी शाडू पाण्यात कालवली, दाट सायीएवढी झाली तशी वाटी त्याच्याकडे सरकवली, आणि बाजूला माझ्या मातीच्या गोळ्यावर जुन्या कंगव्याने ओरखडे ओढून, वर ते कालवण लावून दुसरा तुकडा दाबून दाखवला. तो बघत राहिला. मग कंगवा घेतला. पाय बसला, पण बैलाचं वजन पेलेना, तेव्हा पोटाखाली मातीचा एक गोळा टेकू म्हणून लावायची युक्ती त्यानेच काढली. वेळ संपल्यावर आम्ही बैल ओल्या फडक्यात गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि कपाटात त्याच्या कप्प्यात ठेवला. पुढच्या आठवड्यात दारातून आत आल्या आल्या तो आधी कपाटाकडे गेला. बैल म्हणजे कोण, वडील का, हे मी कधीच विचारलं नाही. तुटलेलं जोडता येतं आणि आपली वस्तू आठवडाभर कुणीतरी नीट सांभाळतं, हे त्याच्या हाताला कळलं होतं. नंतरच्या बोलण्याला त्यातूनच वाट मिळाली.

या मदतीला आर्ट थेरपीच्या सुरुवातीच्या थेरपिस्टांपैकी एक, ईडिथ क्रेमर यांनी ‘थेरपिस्टचा तिसरा हात’ असं नाव दिलं होतं. समोरच्याच्या कामात आपली शैली, आपला अर्थ न घुसवता ते काम तडीला जाईल एवढाच हातभार. हे जमायला मातीचं, रंगांचं, कागदाचं ज्ञान हातात मुरलेलं लागतं, आणि तुमच्याकडे ते आहे. मानसशास्त्राकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मला हे सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. शाडू वाळताना का तडकते, ऑइल पेस्टलवर पाण्याचा रंग का धरत नाही, हे ठाऊक नसलेला थेरपिस्ट क्लायंटला नकळत अपयशाकडे ढकलतो. तेव्हा ‘मी फक्त ड्रॉइंग टीचर’ असा संकोच बाळगू नका. या क्षेत्राची सुरुवातच चित्रकारांनी आणि कलाशिक्षकांनी केली आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडून होता, तुमच्याकडे वॉनलेसवाडीला होतं तशा. तिथे त्याने स्वतःसाठी चित्रं काढली, मग शेजारच्या रुग्णांना काढायला लावली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने १९४२ मध्ये वापरात आणला. क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस तर कलाशिक्षिकाच होत्या. १९४२च्या डिसेंबरात नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत धाडलं. तिथल्या मुलांना त्या चित्रकला शिकवत राहिल्या. मुलांना चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायच्या. १९४४च्या ऑक्टोबरात ऑशवित्झला नेऊन त्यांची हत्या झाली. मागे राहिलेल्या दोन सूटकेसमध्ये मुलांची सुमारे ४,५०० चित्रं होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. कलाशिक्षिकेची ताकद किती असते याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मग तुम्हाला नवीन काय शिकायचं आहे? मुख्य म्हणजे इजा कशी टाळायची.

रंग निरुपद्रवी वाटतात, पण तसे ते नाहीत. प्रत्येक माध्यमाचा मनावर वेगळा परिणाम होतो. कागिन आणि लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये याची एक चौकट मांडली आणि प्रशिक्षणात ती आजही शिकवली जाते. एका टोकाला पातळ, वाहणारी माध्यमं असतात. पाण्याचे रंग, बोटांनी फासायचे रंग, ओली माती ही त्यांतली. ती भावना मोकळ्या करतात. दुसऱ्या टोकाला पेन्सिल, पट्टी, कात्रण, कोलाज अशी ताब्यात राहणारी माध्यमं. ती विचाराला आणि नियंत्रणाला जागा देतात. माझ्या देखरेखीखाली शिकणारी एक विद्यार्थिनी महिलांच्या निवारागृहात गट घ्यायची. तिने सगळ्यांपुढे पूर्ण आकाराचे कागद आणि पोस्टर कलरच्या बाटल्या मांडल्या आणि म्हणाली, ‘मोकळं व्हा, मनातलं सगळं येऊ द्या.’ नुकतीच घर सोडून आलेली एक बाई लाल रंग ओतत गेली, सगळे रंग एकात एक मिसळून कागदभर चिखल झाला, तिचा श्वास वाढला, शेवटी ती उठून बाहेर गेली आणि रात्रभर झोपली नाही. जिने महिनोन्‌महिने स्वतःच्या घरात ताबा गमावला होता, तिला ताबा सुटेल असंच माध्यम हातात दिलं गेलं. पुढच्या वेळी आम्ही त्या बाईंसाठी पोस्टकार्डाएवढे कागद, रंगीत पेन्सिली आणि मासिकांची कात्रणं ठेवली. तासभर त्या चौकटीच आखत बसल्या, आणि त्या चौकटींना मी विद्यार्थिनीला हात लावू दिला नाही. ‘काहीतरी भावनिक काढा’ असं म्हणण्याचा मोह त्या वेळी आवरावा लागतो. हा संयम व्हिडिओ बघून अंगी येत नाही.

म्हणूनच इतर देशांत या प्रशिक्षणाला इतका वेळ देतात. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण घेऊन हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंद केल्याशिवाय ते लावता येत नाही. हे शिक्षण पूर्णवेळ दोन वर्षांचं, आणि त्या काळात विद्यार्थ्याने स्वतःही थेरपी घ्यायची असते. अमेरिकेतही पदव्युत्तर पदवी लागते. तिथे किमान १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष सराव, आणि ६०० तासांची इंटर्नशिप अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी लागते. स्वतः थेरपी घेण्याची अट आपल्याकडे लोकांना चमत्कारिक वाटते. पण दुसऱ्याच्या आईच्या चित्रासमोर बसल्यावर आपली आई किती पटकन मध्ये येते, हे स्वतः क्लायंट होऊन बसल्याशिवाय कळत नाही.

सुपरव्हिजनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण जाहिरातींत तिचा उल्लेखही नसतो. सुपरव्हिजन म्हणजे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला विद्यार्थी आपल्या सेशनमधली चित्रं घेऊन अनुभवी थेरपिस्टसमोर बसतो. मी पहिली दहा मिनिटं एकच गोष्ट मागते. कागदावर काय आहे तेवढं सांग. ‘उदास मुलगी’ चालत नाही. ‘कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर उंचीची मुलगी, पेन्सिल जोरात दाबलेली, पाय दोनदा खोडून काढलेत, बाकी कागद कोरा’ हे चालतं. मग विचारते, ती काढताना तू कुठे बसला होतास? कागदाचा आकार कुणी निवडला? तू घड्याळाकडे कधी बघितलंस? चित्र बघून तुझ्या पोटात काय झालं? शेवटी, पुढच्या वेळी काय करणार आणि काय करणार नाही. तासाभरात अर्थ बहुधा निघत नाही, पण विद्यार्थ्याने स्वतःचं काय काय त्या चित्रावर चिकटवलं होतं ते एकेक सुटून येतं. असं वर्ष-दोन वर्षं झालं की डोळा तयार होतो.

आता आपल्याकडची स्थिती. २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत मूव्हमेंट थेरपिस्टच्या कंसात आर्ट आणि डान्स थेरपिस्ट यांचं नाव आहे. नाव कायद्यात आलं हे चांगलं झालं, पण नोंदणीची यंत्रणा अजून पुरती उभी राहायची आहे. त्यामुळे आज कुणीही दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावू शकतो आणि त्याला विचारणारं कुणी नाही. म्हणून निवडीची जबाबदारी तुमच्यावर येते. मुंबई-पुण्यात कला-आधारित थेरपीचे काही पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम बरीच वर्षं चालू आहेत, त्यांतल्या काहींत प्रत्यक्ष काम आणि सुपरव्हिजन दोन्ही असतं. पण मानसशास्त्राचा पाया त्यातून पूर्ण होत नाही. तो वेगळा घालावा लागेल. वाढत्या वयातलं मन, मानसिक आजारांची ओळख, आघाताचे परिणाम, आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज, एवढं तरी हवंच. शिक्षक हे शिक्षण आजवर मुक्त विद्यापीठातून करायचे. पण जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्रासह २०२१च्या या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली हे मी जाणते. तरी हे शिक्षण प्रत्यक्ष समोर बसूनच व्हावं हे मला पटतं. तुम्हाला जवळच्या महाविद्यालयात नियमित एम.ए.चा विचार करावा लागेल. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना प्रवेश मिळतो का, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात.

कायद्याच्या दोन गोष्टी शिक्षिका म्हणूनही आजच माहीत असाव्यात. मुलाच्या चित्रातून किंवा चित्राबद्दल बोलताना लैंगिक अत्याचाराचं काही समोर आलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. पण नुसतं चित्र हा पुरावा नव्हे, आणि ‘हा माणूस कोण? काकाच ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले तर मुलाचं म्हणणंच पुढे डागाळतं. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं, कळवायचं. चौकशी आपण करायची नाही. दुसरी गोष्ट चित्रांच्या मालकीची. १० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की संस्थांना प्रदर्शन हवं असतं, देणगीदारांना फोटो हवे असतात, पालकांना व्हॉट्सअॅपवर चित्र आणि खाली दोन ओळींचा अर्थ. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क देतो, आणि कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. थेरपीत काढलेलं चित्र मी याच नजरेने बघते. प्रदर्शनाला मी बहुतेक वेळा नकार देते. भिंतीवर लागणार हे कळलं की पुढचं चित्र भिंतीसाठी निघतं. पालकांशी मी मुलाबद्दल बोलते, चित्राबद्दल बोलत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत मुलासमोर सांगून टाकते.

फरक पडतो का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर पुरावा संमिश्र आहे. ब्रिटनमधल्या ‘मॅटिस’ या मोठ्या चाचणीत स्किझोफ्रेनिया असलेले ४१७ लोक होते. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊन एकंदर कामकाजात किंवा लक्षणांत वेगळा फायदा दिसला नाही. त्यात बरेच जण गटाला फिरकलेच नव्हते, आणि कोणाला खरी आवड आहे हे न बघता वाटणी झाली होती, हे खरं. तरी तो निकाल झाकून ठेवणारा थेरपिस्ट मला विश्वासू वाटत नाही. दुसऱ्या बाजूला ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटं कलाकाम करायला दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. पण अभ्यास छोटा, एकाच बैठकीचा, तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यावरून ‘चित्र काढा, आजार पळवा’ असं कुणी म्हणत असेल तर ती फसवणूक आहे. माझ्या अनुभवात शब्द कमी पडतात तिथे याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. लहान मुलं, आघातातून आलेली माणसं, स्मृतिभ्रंश असलेले ज्येष्ठ. गंभीर आजारात ही जोड असते, औषधाची जागा ती घेत नाही.

शिक्षण पुरं व्हायला काही वर्षं जातील. तोवर वर्गात काय करता येईल? आठवड्यातला एक तास गुण न देता ठेवा. एलिमेंटरी-इंटरमीडिएटच्या तयारीने मुलांचा हात सुधारतो, पण ‘मला येत नाही’ म्हणणारी मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात. त्या तासाला माध्यम त्यांना निवडू द्या, खोडलेलं, फाडलेलंही फाइलीत ठेवू द्या, कुणाचं चित्र वर्गाला दाखवू नका. ‘छान’ म्हणण्याऐवजी दिसेल ते बोला. ‘या कडेला तू खूप वेळ रंग भरत होतास.’ एखाद्या मुलाची काळजी वाटली तर चित्रावर विसंबू नका. खाणं, झोप, हजेरी, मैत्री यांत काय बदललंय ते बघा आणि समुपदेशकाकडे पाठवा. गावात समुपदेशक नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

आणि कोर्स. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा स्वतःच्या ओळखीसाठी करायला हरकत नाही, त्यांच्या प्रमाणपत्रावर क्लायंट घेऊ नका. पदविकेला फी भरण्याआधी संस्थेकडून लेखी उत्तरं मागा. प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास, सुपरव्हिजन कोण देणार, तो स्वतः आज थेरपी करतो का, गटात किती विद्यार्थी, एखादा क्लायंट सेशनमध्ये कोसळला तर विद्यार्थ्याने रात्री कुणाला फोन करायचा. टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. उत्तरं समाधानकारक वाटली तर तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांचे नंबर मागा आणि त्यांना विचारा, गेल्या महिन्यात तुम्ही सुपरव्हिजनला कधी गेला होता.